पत्र्याची उलटी बाजू

राना बेगम या कलावंत बाईचं काम फोटोत मरतं. हे मी बऱ्याच जणांना ऐकवलं आहे, आणि ऐकवून झाल्यावर लगेच फोन काढून तिच्या कामाचे फोटोच दाखवले आहेत. दुसरा इलाज नसतो. समोरच्याला दिसतं ते एवढंच: पांढऱ्या भिंतीवर टांगलेला एक दुमडलेला पत्रा, गुळगुळीत रंगवलेला, कुठे ब्रशची खूण नाही की सही नाही. "बरं, मग?" हा प्रश्न तोंडावर आला नाही तरी भुवईत येतोच.

मग सांगावं लागतं की तो पत्रा एका जागी उभं राहून बघायचाच नसतो. त्याच्या समोरून चालत जायचं, शक्य असेल तर दोनदा, आणि परत येताना भिंतीच्या जवळून.

मी तिची घडी, म्हणजे असा दुमडलेला पत्रा, पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिली ती मुंबईत. कुलाब्यातली झवेरी कंटेम्पररी ही गॅलरी तिचं काम आपल्याकडे दाखवते. दुपारची वेळ होती, आत मी आणि टेबलावरची मुलगी सोडून कुणी नव्हतं. भिंतीवर हातभर रुंदीचा एक पत्रा, दोन-तीन ठिकाणी तिरपा मोडलेला. एक त्रिकोणी पाख भिंतीपासून सुटून माझ्या दिशेनं आलेली, दुसरी परत भिंतीकडे वळलेली. दर्शनी बाजू पांढरी. समोरून पाहिलं तर एखादं पाकीट घाईत उघडून ठेवल्यासारखं काहीतरी, त्यापलीकडे विशेष नाही. मी पुढे सरकले, आणि पत्र्याच्या कडेबाहेर, कोऱ्या भिंतीवर, गुलाबी रंग पसरला. मागे दिवा असावा असं वाटलं. दिवा नव्हता. त्या पाखेच्या मागच्या बाजूला, जी आपल्याला कधी थेट दिसत नाही, तिथे भडक गुलाबी रंग दिलेला होता. आपण ज्याला सरसकट 'रेडियमचा' म्हणतो तसला. खिडकीतून येणारा उजेड भिंतीवर आपटून पत्र्यामागे शिरत होता, तिथला रंग उचलत होता आणि परत भिंतीवर सोडत होता. रंगाचा लेप पत्र्यावर होता, पण चित्र भिंतीवर उमटत होतं. बाहेर ढग आला असावा, कारण मधेच तो गुलाबी फिका झाला, जवळपास गेलाच, आणि थोड्या वेळानं आपसूक परतला. टेबलावरच्या मुलीनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. तिला रोजचं असणार.

मला मात्र त्या दुपारी एक जुनी गोष्ट कळली, आणि ती कलेच्या बाजूनं कळली नाही, कारखान्याच्या बाजूनं कळली.

आमचं भोसरीला शीटमेटलचं छोटं शॉप होतं. कंट्रोल पॅनलचे डबे, मोटारींची गार्डं, कधीमधी कुणाच्या गिरणीचं हॉपर. शाळेच्या सुट्टीत बाबांबरोबर मी तिथे जाऊन बसायचे. त्यामुळे पत्रा दुमडणं ही माझ्यासाठी कविकल्पना नाही. पत्र्यावर स्क्राइबरनं रेघ मारायची, गुण्या लावून तपासायची, पत्रा बेंडिंग मशीनच्या डायवर सरकवायचा, रेघ पंचच्या, म्हणजे वरून दाबणाऱ्या पात्याच्या, बरोबर खाली आणायची आणि पायानं पेडल दाबायचं. पंच खाली येतो, पत्रा दोन्ही बाजूंनी उठतो. हे सगळं दोन-चार सेकंदांचं काम, पण त्याच्या आधीची अक्कल मोठी.

पहिली गोष्ट म्हणजे पत्रा सांगितलं तेवढं ऐकत नाही. काटकोनात मोडलेला पत्रा पंच वर गेला की एक-दोन अंशानं परत उघडतो. याला शॉपमध्ये स्प्रिंगबॅक म्हणतात. म्हणून नव्वद अंश हवे असतील तर अठ्ठ्याऐंशीपर्यंत दाबायचं आणि मग सोडायचं. दुसरी, मोडीच्या बाहेरच्या अंगाला पत्रा ताणला जातो आणि आतल्या अंगाला दाबला जातो. मध्ये कुठेतरी एक रेघ असते जी ना ताणली जाते ना दाबली जाते. पत्रा किती लांब कापायचा याचा हिशेब त्या न दिसणाऱ्या रेघेवरून करतात. तिसरी आणि सगळ्यात त्रासाची, क्रम. कागदाला कुठलीही घडी आधी घातली तरी चालतं. पत्र्याला चालत नाही. एक बाजू आधी मोडली तर तीच नंतर मशीनच्या तोंडात आडवी येते आणि दुसरी मोड घालताच येत नाही. आमचे मिस्त्री अवघड जॉब आला की जुन्या कॅलेंडरचं पान घ्यायचे, त्यावर पेन्सिलीनं रेघा आखायचे, घड्या घालायचे, उलगडायचे, परत घालायचे. मग पान माझ्याकडे द्यायचे. "ताई, ठेव. पत्रा फुकट गेला तर तुझे बाबा मला ठेवणार नाहीत."

आणि डबा पूर्ण झाल्यावर बाबांचा ठरलेला डोस असायचा: आतून रंग द्या. आतून कुणी बघत नाही म्हणून पेंटर हात आखडता घ्यायचे. बाबा म्हणायचे, गंज दिसतो पुढून पण लागतो मागून. त्यामुळे आमच्या डब्यांना आतल्या बाजूला रेडऑक्साइडचा हात पुढच्यापेक्षा जास्तच मिळायचा.

राना बेगमचा पत्रा बघताना मला नेमकं हे दिसलं. तिनंही मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त रंगवली आहे. तिच्याकडे कारण गंजाचं नाही, उजेडाचं आहे. सपाट पत्र्याला मागची बाजू असून नसल्यासारखी. ती भिंतीला चिकटलेली. तो मोडला की मागची बाजू भिंतीपासून सुटते, मध्ये बोटभर, वीतभर जागा तयार होते, आणि त्या जागेत उजेड जाऊ शकतो. बेगमची घडी आकार करण्यासाठी घातलेली नाही, असं माझं मत झालं आहे. तिला ती वीतभर जागा हवी आहे. आकार तिच्या बरोबर येतो, तो तसा गोड मानून घ्यायचा.

आता थोडं तिच्याबद्दल. जन्म १९७७चा, बांगलादेशातल्या सिल्हेटचा. १९८५मध्ये, आठेक वर्षांची असताना, कुटुंबाबरोबर इंग्लंडला गेली. इंग्रजी येत नव्हतं, चित्र काढता येत होतं. शाळेत त्याचाच आधार होता असं ती सांगत आली आहे. पुढे लंडनमध्ये चेल्सी कॉलेज ऑफ आर्ट अँड डिझाइन, मग स्लेड या कलाशाळेतून २००२ला पदव्युत्तर शिक्षण. टेस जराय या ज्येष्ठ चित्रकर्तीकडे तिनं मदतनीस म्हणून काम केलं. जरायच्या चित्रांत फरशांच्या, कमानींच्या नक्षीतून उगवलेली भूमिती आहे, आणि सपाट कॅनव्हास बघता बघता खोल कसा वाटू लागतो याचा ध्यास आहे. शिष्येनं तोच ध्यास उचलला आणि कॅनव्हास सोडून दिला असं म्हणायला हरकत नाही. २०१६ला लंडनच्या पॅरासोल युनिटमध्ये तिचं मोठं एकल प्रदर्शन झालं, २०१७ला अबराज ग्रुप आर्ट प्राइझ मिळालं, २०१९ला रॉयल अकॅडमी या मानाच्या कलासंस्थेचं सभासदत्व. मानमरातब व्यवस्थित आहेत.

तिच्यावर लिहिणारे जवळजवळ सगळे जण एका वाक्यात मिनिमलिझम (कमीत कमी आकार-रंगांत भागवणारी कला) आणि इस्लामी भूमिती यांची मोट बांधतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडली होती. बांगलादेशातून आलेली मुसलमान बाई चौकोन काढते म्हणजे मशिदीच्या जाळ्या आल्याच, असला सोयीचा न्याय. पण इथे गंमत अशी की मशिदीची गोष्ट ती स्वतःच सांगते, आणि तिच्या सांगण्यात नक्षीवर भर नाही. लहानपणी गावातल्या छोट्या मशिदीत कुराण वाचायला बसायचं, खिडकीतून उजेड आत यायचा, बाहेर पाण्याचा आवाज, आणि तेच ते शब्द परत परत म्हणण्याची लय. एवढंच. यात भूमिती नाहीच. एक खोली आहे, एक भोक आहे, त्यातून आत येणारी तिरीप आहे आणि आवर्तन आहे. घोकंपट्टी करत संध्याकाळी देवासमोर रांगेत बसलेल्या आपल्याकडच्या कुठल्याही पोराला हे सांगून कळेल.

या आठवणीतून तिनं जे केलं ते घडी नाही, पण मला ते घडीचंच भावंड वाटतं. २०१४च्या ढाका आर्ट समिटमध्ये तिनं बांबूच्या विणलेल्या टोपल्यांची एक रचना केली: 'नंबर ४७३'. टोपल्या एकमेकींना जोडून केलेलं मोठं छत, खालून माणसांनी चालायचं. टोपलीची वीण विरळ. वरून येणारा उजेड एका टोपलीच्या भोकांतून सुटून दुसरीच्या पट्ट्यांवर अडतो, आणि शेवटी जमिनीवर, माणसांच्या खांद्यांवर, डोक्यांवर ठिपक्याठिपक्यांनी पडतो. आपल्याकडे बुरुड आळीतून जाताना वर टांगलेल्या टोपल्यांखाली हे फुकट बघायला मिळतं, मान वर करायची सवय असेल तर. टोपलीतही पट्टी एकदा वर, एकदा खाली जाते, म्हणजे दर इंचाला एक मोड. फक्त ती मोड हातांना पाठ आहे, तिला मशीन लागत नाही.

घडी आणि दोन बाजू यांबद्दलचा सगळ्यात चांगला धडा मात्र मला जर्मनीतल्या एका वर्गात सापडला. देसाऊच्या बाऊहाउस या कलाशाळेत योझेफ आल्बर्स पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचा. हान्नेस बेकमान या त्याच्या विद्यार्थ्यानं पहिल्या तासाची आठवण लिहून ठेवली आहे. आल्बर्स वर्गात वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन आला, प्रत्येकाला काही वाटली आणि म्हणाला, यातून काहीतरी करा. वस्तूचा मान ठेवा, वाया घालवू नका, जमलं तर कात्री-डिंकाशिवाय करा. आणि निघून गेला. परत आला तेव्हा मुलांनी किल्ले केले होते, विमानं केली होती, प्राणी केले होते. आल्बर्सनं ते सगळं बालवाडीतलं काम म्हणून बाजूला सारलं. दुसऱ्या कुठल्याही वस्तूतून ते जास्त चांगलं झालं असतं, असं त्याचं म्हणणं. मग त्यानं एका हंगेरियन पोराचं काम उचललं. हा पोरगा वास्तुकलेचा. त्यानं काहीही केलं नव्हतं. वर्तमानपत्राला वरपासून खालपर्यंत एक घडी घातली होती आणि ते पंखांच्या जोडीसारखं टेबलावर उभं केलं होतं.

आल्बर्सनं समजावलं ते असं. मऊ कागद एका घडीनं इतका ताठ झाला की तो आपल्या सगळ्यात अरुंद कडेवर उभा राहू शकतो. आणि कागद टेबलावर आडवा पडलेला असतो तेव्हा त्याची एकच बाजू डोळ्यांसाठी जिवंत असते; तो उभा केला की दोन्ही बाजू कामाला लागतात.

हे वाचल्यावर मी उठून घरातला रद्दीचा पेपर उभा केला. पंखा चालू होता, पडला. पंखा बंद केला, उभा राहिला. करून बघण्यासारखं आहे. पान उभं राहिलं की त्याच्या दोन पाखांमध्ये आपोआप एक सावलीची जागा तयार होते, आणि डोळा बातम्या सोडून त्या सावलीत जातो.

बेगमला या धड्याचा पुढचा भाग सुचला, असं मी मानते. दोन्ही बाजू कामाला लागणं तिला पुरेसं नाही. एक बाजू डोळ्यांपासून लपवायची आणि तिला आडून बोलायला लावायचं. विसाव्या शतकात घडीवर मोठमोठ्या लोकांनी काम केलं. हंगेरीत जन्मलेला, पॅरिसमध्ये राहिलेला सिमोन हान्ताई १९६०पासून कॅनव्हासच चुरगाळायचा, गाठी मारायचा, वरून दिसेल तेवढ्या भागावर रंग लावायचा आणि मग उलगडायचा. घडीच्या आत राहिलेला कोरा कॅनव्हास हेच त्याचं चित्र. आईच्या इस्त्री केलेल्या एप्रनवर घड्यांच्या ज्या चौकटी उठायच्या, त्यांची आठवण तो सांगायचा. ब्राझीलची लिजिया क्लार्क हिनं त्याच सुमारास धातूच्या तबकड्या बिजागऱ्यांनी जोडून 'बिशो' नावाची शिल्पं केली, प्रेक्षकानं हातानं उघडायची-मिटायची. याच्या किती हालचाली होतात असं विचारलं की ती म्हणायची, मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, पण त्या प्राण्याला माहीत आहे. हान्ताई घडी मोडून दाखवतो, क्लार्क ती आपल्या हातात देते. बेगम यातलं काहीच करत नाही. तिचा पत्रा शॉपमधून निघाला तसा राहतो, हात लावायचा नाही, उलगडायचा नाही. हलायचं आपण. मला हे सुरुवातीला कद्रूपणाचं वाटलं होतं. क्लार्कचे प्राणी आता संग्रहालयांत बहुतेक वेळा काचेमागे बसलेले असतात, हे बघितल्यावर ते मत बदललं. चालण्यावर कुणी काच घालू शकत नाही.

चालायला लावणारी तिची दुसरी मालिका पट्ट्यांची आहे. ॲल्युमिनियमचे चौकोनी पाइप एकाशेजारी एक उभे लावलेले, मध्ये थोडी थोडी फट. दर्शनी बाजूला एक रंग, पाइपच्या अंगांना वेगळे. जत्रेत पूर्वी उभ्या पट्ट्यांची तसबीर मिळायची: डावीकडून एक देव, उजवीकडून दुसरा, समोरून तिसरा. आजीच्या देवघरात तशी एक होती आणि आम्ही भावंडं तिच्यासमोर खेकड्यासारखी सरकायचो. बेगमच्या पट्ट्यांसमोर मोठी माणसं अगदी तशीच सरकताना मी पाहिली आहेत, हात मागे बांधून, चेहरा गंभीर ठेवून. फरक असा की इथे देव प्रकट होत नाही. नारिंगीचा हिरवा होतो आणि मध्ये, दोन पावलांच्या दरम्यान, दोन्हींचा मिळून एक रंग हवेत धुक्यासारखा तरंगतो. कुठल्या पाइपवर तो रंग आहे ते शोधायला जावं तर कुठल्याच नाही.

तिच्या कामांना नावं नसतात, नंबर असतात. केलं त्या क्रमानं. घड्यांच्या नंबरापुढे कधी एखादं इंग्रजी अक्षर, बस. सातबाऱ्यावरच्या गट नंबराइतकं कोरडं. मला ते आवडतं. 'अस्तित्वाचे पैलू' वगैरे नाव दिलं असतं तर मी गॅलरीच्या पायऱ्या चढले नसते. पण नाव न देण्यातही प्रकार असतात. आपल्याकडची चित्रकर्ती नसरीन मोहमदी हिनं आपल्या बहुतेक चित्रांना नाव दिलं नाही आणि तारीखही टाकली नाही. बाहेरचे समीक्षक बेगमचं नातं डोनाल्ड जड आणि ॲग्नेस मार्टिन या अमेरिकन कलावंतांशी जोडतात, बेगमही जोडते. मला मात्र तिच्या पत्र्यांच्या कडा बघताना नसरीनच्या रेघा आठवतात. नसरीन १९३७ला कराचीत जन्मली, मुंबईत वाढली, बडोद्याला शिकवलं आणि १९९०मध्ये आपल्या अलिबागजवळच्या किहीमला वारली. तिच्या नंतरच्या चित्रांत कागदावर पेन्सिल आणि शाईच्या तिरप्या रेघा, एकमेकींजवळ येत जाणाऱ्या, आणि कागदाचा पांढरा अचानक हवा वाटू लागतो. एकही घडी न घालता तिनं कागद दुमडला आहे. २०१६मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर या संग्रहालयाचं दार उघडलं तेव्हाच्या पहिल्या प्रदर्शनांत तिचं एक होतं. किहीमच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी भजी खाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना तिचं नाव माहीत आहे, हा विषय वेगळा, आणि त्यावर मी चिडून लिहीन म्हणून इथेच थांबते.

बेगमचं गॅलरीबाहेरचं काम मी लंडनला पाहिलं, बहिणीकडे गेले होते तेव्हा. किंग्ज क्रॉस स्टेशनच्या मागे, जुन्या गोदामांच्या भागात, ल्यूइस क्यूबिट स्क्वेअर नावाचा चौक आहे. तिथे २०१६ला तिनं पन्नासेक मीटर लांबीची भिंत उभी केली होती, 'नंबर ७००'. ती भिंत अख्खी रिफ्लेक्टरांची. ट्रकच्या मागे, सायकलच्या चाकात असतात तेच, हजारोंच्या संख्येनं, भौमितिक मांडणीत. रिफ्लेक्टर हा स्वतः घडीचाच बारीक खेळ आहे: प्लॅस्टिकच्या पाठीवर शेकडो बारके कोपरे कोरलेले असतात, प्रत्येक कोपऱ्यात तीन पृष्ठं एकमेकांना काटकोनात, आणि आत आलेला उजेड त्या तिघांवर आपटून जिथून आला तिकडेच परत जातो. म्हणून गाडीवाल्याला तो पेटलेला दिसतो आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्याला मंद. बहीण म्हणाली, "अगं, हे सगळं आपल्याकडे कात्रजच्या घाटात बघायला मिळतं." बरोबर आहे. कात्रजला ते आपला जीव वाचवायला लावलेले असतात, इथे बिनकामाचे होते, आणि बिनकामाचे असल्यामुळे माणसं थांबून बघत होती. एक लहान मुलगा सायकलवरून भिंतीला लागून येरझाऱ्या घालत होता. त्या चौकातला सगळ्यात चांगला प्रेक्षक तोच.

आता तक्रार. तिचं सगळंच काम मला भावतं असं नाही. काही घड्या फार स्वच्छ आहेत. कडा इतक्या नेमक्या आणि रंग इतका एकसारखा की तो पत्रा कुणी हातांनी मोडला असेल हे मनात येत नाही. एखाद्या मोठ्या कंपनीच्या लॉबीत, लिफ्टशेजारी, उंची गुलदस्त्याच्या वर तो बिनतक्रार खपून जाईल. जिथे भिंतीवरचा उजेड बदलत नाही, दिवसभर एकाच ताकदीचे छतातले दिवे, तिथे तिची घडी निव्वळ शोभेची होते. दोष तिचा किती आणि भिंत देणाऱ्याचा किती हे ज्यानं त्यानं ठरवावं. माझ्या मते खिडकी नसलेल्या खोलीत हे काम टांगूच नये. नंतरच्या कामांत ती बहुधा याच स्वच्छपणाला कंटाळलेली दिसते. कुंपणाला वापरतात तसल्या धातूच्या जाळ्या घेऊन तिनं त्या वाकवल्या, स्प्रेनं रंगवल्या आणि ढगांसारख्या छताला टांगल्या. २०२२ला लंडनच्या पिट्झहँगर मॅनरमध्ये असे ढग होते. जाळीला मागची बाजू लपवता येत नाही, मागचं सगळं पुढे दिसतं. त्याच वर्षी रॉयल अकॅडमीच्या उन्हाळी प्रदर्शनात वास्तुकलेचं दालन लावायला वास्तुकार नीअल मॅक्लॉफ्लिनच्या जोडीला तिला बसवलं. चित्रकार म्हणून शिकलेल्या बाईला इमारतींच्या दालनात बसवावंसं वाटलं यात मला काही नवल वाटत नाही. ती गेली वीसेक वर्षं खोल्याच तर करते आहे, फक्त वीतभर खोलीच्या.

बाबांना मी हे सगळं दाखवलं. शॉप आता बंद आहे, मशीन विकलं, बाबा सकाळी तळजाईवर फिरायला जातात आणि दुपारी पेपर वाचतात. मी फोन त्यांच्या हातात दिला, घडीचा फोटो मोठा करून. त्यांनी चष्मा वर केला, फोन तिरपा धरला, जणू तिरपा धरल्यानं मागची बाजू दिसेल.

"कितीचा पत्रा आहे?"

"माइल्ड स्टील आहे. जाडी नाही लिहिलेली."

"दोन एमएम तरी असणार. पातळ असता तर ही लांब कड लवली असती." मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं, आता म्हणतील, यात काय कला. "ही मोड आधी घातली, ती नंतर. उलटं केलं असतं तर हा कान मशीनमध्ये अडकला असता." त्यांनी बोटानं स्क्रीनवर क्रम दाखवला, त्यात फोटो सरकून पुढचाच कुठला तरी आला, तो मी परत आणून दिला.

मी त्यांना मागच्या गुलाबीबद्दल सांगितलं, भिंतीवर कसा पडतो ते.

"मागून रंगवला ना? झालं तर मग." आणि फोन परत देताना, "खाली प्रायमर मारला असेल अशी आशा आहे. कुलाब्याची हवा खारी असते."